जुन्या आर्केड गेमच्या नव्या आवृत्त्यांचा खर्च सुटतो का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र महापेला एका कंपनीत मोबाइल गेमचं काम करतात. आता तिघांच्या डोक्यात नोकरी सोडून स्वतःचा गेम काढायचं आहे. पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, म्हणजे आर्केडमध्ये, टोकन टाकून खेळायचो तसली, उजवीकडे सरकत गुंडांना बडवत जायची मारामारी, पण आजच्या चित्रांत, आजच्या मशिनवर. मी हिशेबाच्या लाइनमधला, म्हणून मावशीने "तू बघ रे जरा, पैसे बुडणार तर नाहीत ना" असं माझ्यावर सोपवलंय.

पोरं मला दोन आकडे पुन्हा पुन्हा दाखवतात. निन्जा कासवांचा 'टर्टल्स: श्रेडर्स रिव्हेंज' २०२२ मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख प्रती खपल्या. 'स्ट्रीट्स ऑफ रेज ४' २०२० चा, त्याचे वर्षभरात २५ लाखांवर डाउनलोड. पण ही दोन नावं सोडली तर काय? जुनी नावं लावून आलेले कितीतरी गेम कधी आले नि कधी गेले कळलंही नाही. माझं मत असं की हा सगळा आठवणींवर चालणारा धंदा आहे. आठवणी असलेली आपली पिढी हौसेने विकत घेते, दोनदा खेळते आणि विसरते. एवढ्यावर तीन घरं चालतील असं मला वाटत नाही.

या धंद्यातले कोणी असाल तर मोकळेपणाने लिहा. भावनेच्या भरात "करू दे रे" नको आणि उगाच पाय ओढणंही नको.

पाचपाखाडी_एक्स्प्रेस
मुस्तफा! बाकीचं नंतर.

निवांत_नेरूळ
+१ मुस्तफा. आणि यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, म्हणून सांगतो.

आपण ज्याला मुस्तफा म्हणायचो तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा कायरो हे त्यातलं पिवळ्या टोपीचं पात्र. आपल्याकडे नाक्यानाक्यावर हा गेम होता, आणि तरी घरच्या मशिनवर तो अधिकृतपणे कधीच आला नाही. कारण मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिक्सची, वर नावात गाडीच्या कंपनीचा ब्रँड. २०१८ मध्ये कॅपकॉमने मारामारीच्या सात जुन्या गेमचा संच काढला. 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, 'नाइट्स ऑफ द राउंड' होता. मुस्तफा नव्हता. कॅपकॉमचाच कॉमिक्सवरचा 'पनिशर', तोही त्यात नव्हता.

म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मिळेल, नेमका तोच गेम कोणाला काढता येत नाही. जुन्या नावामागे लायसन्सचं शेपूट किती लांब आहे ते आधी बघा. सेगाच्या 'आउटरन'ची नवी आवृत्ती २००९ मध्ये आली, छान होती, पण त्यात फेरारीच्या गाड्या. करार संपला तसा गेम दुकानातून काढून घेतला. 'क्रेझी टॅक्सी' पुन्हा विकायला आणली तेव्हा मूळची गाणी नव्हती. ती गाणी गेली आणि त्या टॅक्सीतला जीवच गेला.

सेक्टर_दहा
माझ्या वडिलांचं कोपरखैरण्यात पार्लर होतं, नव्वदच्या दशकात. त्या बाजूने लिहितो, कारण हे गेम घरी आणताना काय हरवतं ते मशीन उघडून बघितल्याशिवाय समजत नाही.

मशिनच्या आत मुख्य बोर्डावर छोट्या पांढऱ्या कळांची एक पट्टी असायची, डिप स्विच. एक कळ खाली केली की तीन जीवांचे दोन जीव. दुसरी वर केली की शत्रूला मारायला जास्त फटके. तिसऱ्या कळेने एका टोकनात एक डाव की दोन, ते ठरायचं. एखादा मुलगा एकाच टोकनवर अर्धा तास उभा राहायला लागला की बाबा रात्री दुकान बंद झाल्यावर मागचं दार उघडून कळ फिरवायचे. मशीन भाड्याचं, गल्ला मशीनवाल्याशी अर्धा-अर्धा. जागेचं भाडं, वीज आणि फुटलेल्या जॉयस्टिक आमच्या वाट्याच्या अर्ध्यातून. एका गिऱ्हाइकाने दोन-तीन मिनिटांत जागा मोकळी केली तरच पोट भरायचं.

हे गेम मुळात दर दोन मिनिटांनी पैसे मागण्यासाठी बांधलेले होते. तोच गेम घरी दिला आणि टोकन फुकट केलं की माणूस मरत मरत, पुन्हा उठत तासाभरात शेवटाला पोचतो. मग त्याला वाटतं, एवढाच होता? लहानपणी तर संपतच नव्हता! गेम तेवढाच होता. दर मरणाला खिशात हात घालावा लागायचा, म्हणून तो मोठा वाटायचा. तुमच्या भावाने चित्रं कितीही देखणी केली तरी त्या टोकनच्या जागी काय ठेवणार, हे त्याला आधी विचारा.

मधुरा_वाशी
सेक्टर_दहा, फार सुंदर प्रतिसाद. डिप स्विचबद्दल पहिल्यांदाच कळलं. म्हणजे आमच्या सेक्टरातल्या पार्लरमध्ये एका रात्रीत गेम अवघड व्हायचा तो भास नव्हता तर!

सेक्टर_दहा
भास नव्हता, ताई. आणि ज्या मुलींची टोकनं भराभर जायची त्यांना बाबा शेवटचा डाव तसाच द्यायचे, एवढं सांगून ठेवतो.

खाडीपूल
मी अशाच एका छोट्या स्टुडिओत कामाला आहे, नाव सांगत नाही. घोडबंदरकर, तुम्ही हिशेबातले आहात म्हणून आकडे मांडतो. सगळे धरून चाललेले आहेत, तुमच्या भावाचे वेगळे असतील.

तिघांनी भागणार नाही. एक ॲनिमेटर आणि एक आवाज-संगीतवाला लागेलच. पाच माणसं, डोई सरासरी ६० हजार, दीड वर्ष: ५४ लाख. परीक्षण, निरनिराळ्या मशिनवर नेणं, जाहिरात, वकील, यंत्रसामग्री मिळून ११ लाख. एकूण ६५ लाख. यात ऑफिसचं भाडं नाही, घरातूनच काम धरलंय.

आता एका प्रतीमागे हातात काय येतं? भारतात ५०० रुपये किंमत ठेवली तर त्यातला १८ टक्के जीएसटी वजा जाता ४२४ उरतात. स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, ३० टक्के घेतं, उरले २९७. पण पूर्ण किमतीला घेणारे पहिल्या काही दिवसांतले. पुढे सेल लागतो आणि बहुतेक प्रती अर्ध्या किमतीला किंवा त्याहून खाली जातात. परदेशात किंमत जास्त ठेवता येते आणि खरं गिऱ्हाईक तिकडेच आहे. सगळं मिळून सरासरी २५० रुपये हातात धरा. ६५ लाख भागिले २५०, म्हणजे २६ हजार प्रती. प्रकाशक घेतला आणि त्याचा वाटा निम्मा असेल तर ५२ हजार. हे फक्त खर्च सुटायला. पुढच्या गेमचं भांडवल वेगळंच.

२६ हजार हा अशक्य आकडा नाही. पण दहा लाख बघून काढलेला गेम २६ हजारांवरही अडखळू शकतो, हे पोरांना कळायला हवं.

घोडबंदरकर
खाडीपूल, मनापासून आभार. हा प्रतिसाद छापून मावशीला देणार आहे. एक शंका: श्रेडर्स रिव्हेंजच्या दहा लाखांत 'टर्टल्स' या नावाचा वाटा किती?

खाडीपूल
बराच. ते नाव पॅरामाउंटच्या मालकीचं, चार दशकं मुलांच्या डब्यांवर-दप्तरांवर आहे. बनवणारा ट्रिब्यूट गेम्स, प्रकाशक डॉटेम्यू. स्ट्रीट्स ऑफ रेज ४ चा प्रकाशकही डॉटेम्यूच, नाव सेगाकडून घेतलेलं. डॉटेम्यूचं कामच हे: मोठ्या कंपनीकडे धूळ खात पडलेलं नाव घ्यायचं आणि त्या गेमवर जीव असलेली छोटी टीम शोधायची. तुमच्या भावाकडे नाव नाही. आणखी एक, डाउनलोड म्हणजे विक्री नव्हे. ते दोन्ही गेम पहिल्या दिवसापासून गेम पासवरही होते, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीत वेगळे विकत न घेता खेळता यायचे.

कळवा_ब्रिज
नियमात बसवून सांगतो, स्ट्रीट्स ऑफ रेज हा आर्केडचा गेम नाहीच. १९९१ मध्ये तो सेगाच्या घरगुती मशिनसाठी आला. टर्टल्सचा मूळ गेम मात्र अस्सल आर्केड, कोनामी, १९८९.

पाचपाखाडी_एक्स्प्रेस
कळवा_ब्रिज आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

विटाव्याचा_वाटाड्या
धागाकर्त्यांच्या "आठवणींवर चालणारा धंदा" याला माझं अनुमोदन, पण कारण वेगळं. पैसे बुडाले ते बहुतेक ठिकाणी नाव मोठं आणि अवतार भलताच असल्यामुळे.

'बायोनिक कमांडो' बघा. १९८० च्या दशकातलं नाव. ग्रिन नावाच्या स्वीडिश स्टुडिओने २००८ मध्ये त्याची छोटी, स्वस्त, बाजूनेच दिसणारी आवृत्ती काढली, 'रीआर्म्ड'. लोकांना ती खूप आवडली. २००९ मध्ये त्याच स्टुडिओने त्याच नावाचा मोठ्या खर्चाचा थ्रीडी गेम काढला, तो आपटला, आणि त्याच वर्षी स्टुडिओला टाळं लागलं. नाव तेच, माणसं तीच, वर्षाचं अंतर. 'गोल्डन ॲक्स'चं २००८ मध्ये थ्रीडी केलं, त्याचंही तेच झालं. 'कॉन्ट्रा'चं २०१९ मध्ये केलं, ओळखू येईना. मग २०२४ मध्ये वेफॉरवर्डने 'ऑपरेशन गलूगा' काढला, परत बाजूने पळायचं, परत वरून गोळ्या, आणि जीवात जीव आला.

आपण या गेमवर प्रेम केलं ते हाताला बसलेल्या वेगामुळे. तो वेग ठेवा, खर्च मुठीत ठेवा. थ्रीडीच्या नादाला लागणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

मधुरा_वाशी
मला "फक्त आपली पिढी" हे पटत नाही. माझा मुलगा सहावीत आहे. टर्टल्स कोण, १९८९ साली काय होतं, त्याला काहीही घेणं नाही. सुट्टीत भावंडं जमली तेव्हा एका सोफ्यावर चौघं मिळून तो गेम खेळत होती आणि आरडाओरडा थेट आपल्या पार्लरसारखा: "अरे माझा पिझ्झा का घेतलास", "मला उठव, मला उठव!" आजकालच्या गेममध्ये प्रत्येक जण आपापल्या घरी हेडफोन लावून बसतो. एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून खेळायचे गेम फार कमी उरलेत, आणि मुलांना ते हवेत. घोडबंदरकर, या बाजूनेही विचार करा. आई-वडील पैसे देतील ते स्वतःच्या आठवणींसाठी, पण गेम टिकेल तो मुलांमुळे.

मॉल_सात_मजली
मधुराताईंना +१. मी वाशीच्या एका मॉलमधल्या गेम झोनमध्ये बरीच वर्षं काढली. प्रश्न घरच्या गेमचा आहे, पण मशिनच्या नव्या आवृत्त्यांचं सांगतो. रॉ थ्रिल्स नावाची अमेरिकी कंपनी आहे. तिने २०१६ मध्ये भिंतीएवढा एलईडी पडदा लावून पॅकमॅन काढला आणि २०१७ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स फ्रेन्झी', त्यात समोर बंदुका बसवलेल्या. दोन्ही गेम लांबून ओळखू येतात. बाबा लोक थांबतात, "हे आमच्या वेळचं" म्हणतात, कार्ड स्वाइप करतात आणि मुलाला पुढे करतात. मशिनमधून तिकिटं निघतात, तिकिटांवर बक्षीस, म्हणून मूल पुन्हा रांगेत. असं मशीन महागडं, आयात केलेलं, जागाही भरपूर खातं. मॉलचं भाडं चौरस फुटावर. शनिवार-रविवार जे मशीन रिकामं दिसतं ते मॅनेजर ठेवत नाही. जुनं नाव गिऱ्हाइकाला दारात आणतं, पैसा सुटतो तो तिकिटांवर.

तलावपाळी_संध्याकाळ
स्पेस इन्व्हेडर्सवरून आठवलं. १९७८ मध्ये तो जपानमध्ये आला तेव्हा १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला होता म्हणे. एवढे पैसे!

कळवा_ब्रिज
ती दंतकथा आहे. सगळीकडे छापली जाते, पण तिला धड पुरावा नाही. खरी गोष्ट त्याहून छान आहे. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोने त्याचं हार्डवेअरही स्वतः बांधलं. परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात ना, ते आधी ठरवलेलं नव्हतं. प्रोसेसरला एकदम एवढी चित्रं हलवणं जड जायचं, चित्रं कमी झाली की तो आपोआप पळायला लागायचा. निशिकादोने ते तसंच ठेवलं आणि त्यातूनच शेवटच्या एकट्याला गाठतानाची धडधड आली. आजचं मशीन एवढ्या चित्रांनी दमत नाही. नव्या आवृत्तीत तो वेग मुद्दाम मोजून भरावा लागतो.

सेक्टर_दहा
कळवा_ब्रिज, हे वाचून अंगावर काटा आला.

खाडीपूल
आणि खर्च नेमका इथेच जातो. चित्रं काढायला पैसे लागतात हे सगळ्यांना दिसतं. हाताला बसणारा फटका बनवायला किती महिने जातात ते दिसत नाही.

एक नमुना देतो. गुंडाला ठोसा बसला की दोन्ही पात्रं क्षणभर गोठतात. सेकंदाला ६० चित्रं धरली तर चार ते सहा चित्रं. हा थांबा नसेल तर ठोसा हवेत गेल्यासारखा वाटतो, दोन चित्रं जास्त झाली तर गेम अडकतोय असं वाटतं. हलक्या ठोशाचा थांबा वेगळा, उडी मारून दिलेल्या लाथेचा वेगळा. मग आवाज नेमका त्याच चित्रावर यायला हवा. दुसरं, पडद्यावर आठ गुंड असले तरी एका वेळी दोघांनीच चालून यायचं, बाकीच्यांनी भोवती घुटमळत राहायचं. आठही एकदम आले तर खेळणारा वैतागतो, एकेक आला तर कंटाळतो. आम्ही चार महिने फक्त यावर घालवले. तेवढ्या वेळात पडद्यावर दाखवण्यासारखं नवीन काहीच झालं नाही, आणि ज्यांनी पैसे लावले होते त्यांना ते समजावताना दमछाक झाली. पण ते चार महिने वाचवले असते तर गेम कोणी दुसऱ्यांदा उघडला नसता.

सेक्टर_दहांनी विचारलं ना, टोकनच्या जागी काय? त्याची चांगली उत्तरं लोकांनी शोधलीत. २००७ चा 'पॅकमॅन चॅम्पियनशिप एडिशन' घ्या, मूळ पॅकमॅनवाल्या इवातानींचंच काम. त्यात पाच मिनिटांचं घड्याळ लावलं आणि चक्रव्यूहाची एक बाजू साफ केली की दुसऱ्या बाजूला फळ येतं, ते खाल्लं की साफ झालेल्या बाजूचा नकाशा बदलतो. मरण्याची भीती मागे पडली, घड्याळाची भीती पुढे आली. स्ट्रीट्स ऑफ रेजने २०२१ मध्ये जोडभाग विकला, त्यात लाटांमागून लाटा येतात आणि प्रत्येक वेळी मिळणाऱ्या शक्ती वेगळ्या. तासाभराचा गेम लोक महिनोन् महिने खेळू लागले.

विटाव्याचा_वाटाड्या
तासाभराच्या गेमचा आणखी एक धोका आहे, तो हिशेबात धरा. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. सव्वा तासात संपणारा गेम पूर्ण खेळून परत करता येतो.

निवांत_नेरूळ
हे वाचून वाईट वाटलं. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाचे पैसे असे परत मागू नयेत.

पाचपाखाडी_एक्स्प्रेस
आता मुख्य प्रश्नावर, कारण मावशी वाट बघत असतील. पुण्याची दोन उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवा. नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, मग एपिक या अमेरिकी गेम कंपनीचं अनुदान मिळालं आणि गेम पूर्ण झाला. जगभर गेला, आणि तो कुठल्याही जुन्या गेमची आवृत्ती नव्हता. दुसरं सुपरगेमिंग. अधिकृत पॅकमॅनच्या मोबाइल गेमचं काम पॅकमॅनची मालक कंपनी बांडाय नामकोने त्यांच्याकडे दिलं. आपली माणसं नवंही करतात आणि जुनंही सांभाळतात. महापेच्या पोरांना का जमू नये?

घोडबंदरकर
सगळे प्रतिसाद भावाला वाचायला दिले. काल रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही चौघं बसलो होतो. काय ठरलं ते लिहितो, चुकत असेल तिथे टोका.

नोकरी तिघांपैकी एकच सोडणार, बाकीचे दोघं संध्याकाळी आणि सुट्टीला. पहिले सहा महिने फक्त एक रस्ता, तीन प्रकारचे गुंड आणि फटक्याचं काम, खाडीपूल म्हणतात तसं. नाव कोणाचंही घ्यायचं नाही, पात्रं स्वतःची. गोष्ट कळव्यापासून ऐरोलीपर्यंत खाडीच्या कडेने जाणार, ही कल्पना पोरांची, आणि मला ती इतकी आवडली की हिशेबाची वही बाजूला ठेवावी लागली. चौघांनी एका पडद्यावर खेळता आलं पाहिजे ही अट मधुराताईंच्या मुलामुळे आली. खर्चाची मर्यादा ४० लाख. दीड वर्षात तेवढ्यात झालं नाही तर रस्ते कमी करायचे, पैसे वाढवायचे नाहीत.

माझं मूळ मत थोडं सरकलंय. आठवणींवर खर्च सुटणार नाही हे अजूनही म्हणतो. पण सगळा खर्च आठवणींवर सोडलाय असंही आता दिसत नाही.

खाडीपूल
छान बेत आहे. एकच सुचवतो: स्टीमवरचं पान सहा महिन्यांनी पहिला रस्ता दिसण्याजोगा झाला की लगेच उघडा. गेम तयार होईपर्यंत थांबू नका. लोक 'पुढे घ्यायचं' म्हणून आपल्या यादीत गेमचं नाव टाकतात की नाही, तेवढ्यावरून दुसऱ्याने नोकरी सोडायची का ते कळेल. आणि ४० लाखांतले आठ लाख बाजूला ठेवा, गेम निघाल्यानंतरच्या दुरुस्त्यांसाठी. ते कोणीच ठेवत नाही.

मधुरा_वाशी
मुलाला सांगितलं. तो विचारतोय की पहिला रस्ता खेळायला कधी मिळेल आणि त्यात कांदळवनात कोल्हे आहेत का.

घोडबंदरकर
कोल्ह्यांचं भावाला कळवलं, वहीत लिहून घेतलं त्याने. मुलांसकट नक्की बोलावू, वाशीलाच जमवू.

सेक्टर_दहा
मग माझ्याकडून एक. बाबांच्या एका मशिनचं पुढचं पॅनेल माळ्यावर आहे, दोन स्टिक आणि बारा बटणं. यूएसबीची छोटी पाटी लावली की संगणकाला जोडता येईल. मुलांना कीबोर्डवर खेळायला देऊ नका, फटका कसा बसतो ते स्टिकवरच कळतं. एका स्टिकचे मायक्रोस्विच मात्र गेलेत.

कळवा_ब्रिज
मी शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, घेऊन येतो. किती?

सेक्टर_दहा
एका स्टिकला चार लागतात. आठ आणा, दुसरीचेही बदलून टाकू. लांब पात्याचे नको, साधे.